बसायला जागा

सकाळची येळ. मी मिश्री लावून ओट्यावर बसले व्हते, बोट तोंडात. तेवढ्यात नागू कंडक्टर आला. चप्पल पायरीखाली काढली, दोन्ही हात जोडलं आन इचारलं, "मावशी, तुमाला जाळायचं का पुरायचं?"

म्या मिश्री थुकली. चूळ भरली. पदरानं तोंड पुसलं आन म्हनलं, "आधी मला चा पिऊ दे."

"प्या की. घाई न्हाय. गाडी सुटायला येळ हाय."

आन बसला की खांबाला टेकून! मांडीवर तिकिटाची पत्र्याची पेटी, कानावर पेन्सिल. चा व्हईस्तवर बसला. माज्यासंगं चा पेला, कपबशी धुवून पालथी घातली, आन परत तेच. "बरं मंग? जाळायचं का पुरायचं?"

असा मानूस हाय बगा आमचा शेजारी. तुमी म्हनाल येडा हाय. गाव बी तेच म्हनत व्हतं. आता म्हनत न्हाय. कसं झालं ते सांगते.

आधी माजं दोन शब्दात सांगते, मंग त्येचं. मी गयाबाई. ढोकीच्या कारखान्याचा भोंगा ऐकू येतोय एवढ्यावर आमचं गाव. वय अठ्ठ्याहत्तर का ऐंशी, कोन लिवून ठेवलंय. सारी जिंदगी ऊस तोडला. मालक मेलं तवा आमी लांब भीमेच्या काठाला फडात व्हतो. सकाळी मोळ्या बांधत व्हतं, दुपारी छातीला हात लावून खाली बसलं ते बसलंच. मुकादमानं लाकडं दिली, नदीच्या कडंला जाळलं. तिसऱ्या दिवशी मी फडात. पोरगी उसाच्या वाळल्या पाचटावर निजवलेली. रडायला येळ लागतोय, आन तोडलेला ऊस वाळला की वजन उतरतंय. हे रडगानं म्हनून सांगत न्हाय. नागूच्या गोष्टीत ते म्होरं लागनार हाय, म्हनून सांगून ठेवलं.

आता नागू. एस्टीत कंडक्टर व्हता, परंड्याला. पस्तीस वर्सं तिकिटं फाडली. नोकरी सुटली, पन कंडक्टरी सुटली न्हाय. अजून खाकी सदरा. अजून तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा हातात, आन दिसंल त्या लोखंडावर टकटक करायची सवय. एक टक म्हंजी गाडी थांबवा, दोन टक म्हंजी चला, हे आमच्या गावात आता कुत्र्याला बी ठाऊक झालंय. देवळात आरतीला गर्दी झाली की ह्यो पायरीवर हुबा राहून वरडनार, "पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय!" लग्नात जेवनाच्या पंगतीत तेच. कुनी परगावाहून आलं की राम राम न्हाय, श्याम श्याम न्हाय, पयला सवाल, "कुठून कुठं?"

त्येची बायको महादेवी. लई गुनाची बाई. उमरग्याकडची, घरात कानडी बोलायची, गळ्यात शिवाचं लिंग. कुर्डुवाडीच्या रस्त्याला एका खेड्यात शाळेवर मास्तरीन व्हती. रोज नागूच्या गाडीनं जायची आन रोज हुबी. गाडी भरून यायची, जागा कुठली? मंग एक दिस नागूनं काय करावं, सोताच्या शिटावर आपला रुमाल टाकून ठेवला. दाराजवळ कंडक्टरचं एकट्याचं शीट असतंय की, ते. कुनी बसाय गेलं की म्हनायचा, "रिझर्व्ह हाय." पुढं तिचा थांबा आला की रुमाल उचलायचा, ती बसायची, आन ती उतरंस्तवर ह्यो हुबा. अशी सहा म्हयनं जागा धरली आन सातव्या म्हयन्यात लगीन केलं. तिच्या घरच्यांनी दार लावून घेतलं. ह्येच्या भावांनी तोंड वाकडं केलं. दोघांनी फिकीर केली न्हाय. लेकरू झालं न्हाय, त्येची मातर तिनं केली आसंल, बोलून दावली न्हाय.

नागूची नोकरी संपायला दोन वर्सं असताना महादेवी गेली. सकाळी फळ्यावर लिवता लिवता पडली. आन तिथं घोळ झाला. तिच्याकडं मेल्यालं मानूस जाळत न्हायत. बसवून पुरत्यात. खड्ड्यात कोनाडा करायचा, त्यात मांडी घालून बसवायचं, हातात लिंग द्यायचं, कपाळाला ईबूत लावायची, बेलाची पानं घालायची. तिचा भाऊ उमरग्याहून निघाला व्हता, "मी येईस्तवर थांबा" म्हनून फोनवर रडत व्हता. हिकडं नागूच्या भावांनी लाकडं रचली. "आपल्या घरची सून, आपल्या रीतीनं जानार." कुनीतरी तिच्या गळ्यातलं लिंग काढून नागूच्या हातात दिलं. नागू नुसता बगत राहिला. इतकी वर्सं भरल्या गाडीत भांडनं मिटवनारा मानूस, त्या दिवशी त्येच्या तोंडातनं शब्द निगाला न्हाय. तिचा भाऊ पोचला तवा राख गरम व्हती.

दोन वर्सांनी नोकरी सुटली. लोक नोकरी सुटली की शेळ्या घेत्यात, न्हायतर किरानाचं दुकान टाकत्यात. नागू इद्यापीठात गेला. धरम शिकायला! बी.ए. त्येनं नोकरीत असताना भाईरून करून ठेवलं व्हतं. आता म्हनं, जगातल्या समद्या धरमांचं एम.ए. करायचं.

गावात नुसता शिमगा झाला. पारावर दुसरं बोलनंच न्हाय.

"भटजी व्हनार काय रं नागू?"

"आश्रम काढनार. बगा, जीप येती का न्हाय दारात!"

"साठीला आला आन पाटी घेऊन निगाला."

सरपंच म्हनला, "नागूअन्ना, खरं सांगा, हे शिकून मानूस जातंय कुठं?"

नागू म्हनला, "सरपंच, मी पस्तीस वर्सं गाडीत हिंडलो. पाटी बगून बसलेला मानूस बी मधल्याच थांब्याला उतरतंय. आधी बसू तरी द्या."

मला मातर त्येनं खरं सांगितलं. निगायच्या दिवशी घराची किल्ली द्यायला आला. म्हनला, "मावशी, म्या तिला चुकीच्या गाडीत बसवलं का, एवढंच मला इचारायचं हाय. हितं कुनाला ठाऊक न्हाय. तिथं ठाऊक असनारी मानसं हायेत."

म्या म्हनलं, "जा."

पयल्या दिवशीचं त्येनंच सांगितलेलं. वर्गात शिरला तर पोरं हुबी राहिली, त्यांना वाटलं सर आलं. ह्यो सवयीनं म्हनला, "बसा बसा, पुढं सरका." मंग सर आलं, त्यांना वाटलं शिपाई हाय, म्हनलं खडू आना. ह्येनं खडू आनून दिला आन पयल्या बाकड्यावर जाऊन बसला. सरांनी सवाल टाकला, धर्म म्हंजे काय? पोरांनी पुस्तकातलं फडाफडा सांगितलं. नागूला इचारलं तर म्हनला, "सर, कुठल्या थांब्यापासून मोजायचा?" सारा वर्ग हसला. सर बी हसलं. पन मंग म्हनं सर तासभर तेवढ्या एकाच सवालावर बोललं.

एखाद्या सरांचं लांबायला लागलं की ह्येचा हात आपोआप बाकड्याच्या लोखंडी पायाकडं जायचा. दोन टक. चला! दोनदा वर्गाभाईर काढला.

पन खूश व्हता! म्हयन्याला गावाकडं यायचा ते मोप बातम्या घिऊन. ओट्याची पायरी चढायच्या आधीच सुरू.

"मावशी, मावशी, एका ठिकानी मेल्यालं मानूस गिधाडाला देत्यात!"

"आपल्याकडं कसं जमायचं? गिधाडं कुठं उरल्यात."

"आन एका मुलखात हाडं भाईर काढत्यात, नवं कापड गुंडाळत्यात आन खांद्यावर घिऊन नाचत्यात. वाजत गाजत!"

"आमाला जित्तेपनी कुनी नाचवलं न्हाय."

"एके जागी थडग्यावर बसून घरची जेवत्यात. मेल्याला बी घास ठेवत्यात."

"काय ठेवत्यात?"

मंग तो वही उघडायचा, बोट फिरवायचा. काय ठेवत्यात ते वहीत नसलं तर पुढच्या खेपंला इचारून यायचा. असा सच्चा. मला बी मजा यायला लागली. म्हयना झाला की मी रस्त्याकडं बगायची. दोन बुकं शिकले न्हाय, पन नागूच्या पायी मी जगातल्या समद्या मसनवट्या हिंडून आले.

पन त्येच्या मनातला सवाल सुटला नव्हता. दर सराला, दर बाईला तो तेच इचारायचा. नवरा एका रीतीचा, बायको दुसऱ्या रीतीची, बायको आधी गेली तर कुनाच्या रीतीनं न्यायची? कुनी म्हनलं ह्या ग्रंथात असं हाय. कुनी म्हनलं त्या ग्रंथात तसं हाय. कुनी म्हनलं काका, हा परीक्षेला येनारा सवाल न्हाय. नागू समदं लिवून घ्यायचा आन मान हालवायचा. "ह्यो माजा थांबा न्हाय, मावशी," म्हनायचा.

दोन वर्सांनी पास झाला. बरा बी न्हाय, चांगलाच पास झाला. मीच पोरीला सांगून तेरखेड्याहून फटाक्याची लांब माळ आनवली आन त्येच्या दारात लावली. काय वाजली! म्हशी दावं तोडून पळाल्या. सरपंच पेढा खाता खाता म्हनला, "आता म्होरं काय, नागूअन्ना?"

"बगू की."

म्या बाजूला घिऊन इचारलं, "तुज्या सवालाचं उत्तर घावलं का?"

"घावलं."

"काय?"

"सांगतो कवातरी."

आन दुसऱ्या दिवशी सकाळी, मी मिश्री लावून बसले व्हते तवा, हात जोडून हुबा. तुमाला जाळायचं का पुरायचं.

नुसतं मलाच न्हाय. गावात साठीच्या म्होरचं एक मानूस सोडलं न्हाय. पुठ्ठ्याचं तिकिटाएवढं तुकडं कापलेलं. मानूस काय म्हनतंय ते त्येच्यावर लिवायचं, वाचून दावायचं, अंगठा न्हायतर सही घ्यायची, चिमट्यानं भोक पाडायचं आन पेटीत टाकायचं. "बोलनारा जित्ता हाय तवर इचारून घ्यावं," एवढंच म्हनायचा.

तुमीच सांगा, कुनाला बरं वाटंल? अनुसया म्हातारी खराटा घिऊन गल्लीच्या टोकापस्तोर मागं लागली. "मुडद्या, माज्या मरनावर टपलास व्हय!" नागू पळता पळता वरडतोय, "काकू, नंतर येतो, काकू, चप्पल ऱ्हायली!" तान्हाबाई बौद्धवाड्यातली, ती हुशार. तिनं बसवून घेतलं आन समदं लिवून दिलं. पांढरी साडी, वंदना पुरी म्हना, गडबड नगो, आन माज्या जावयाला भाषन करू देऊ नगा. रहीमचाचा हसायलाच लागला. "बेटा, हमारा तो एकच रस्ता है. इसमें पूछनेका क्या?" नागू म्हनला, "रस्ता एक हाय चाचा, पन जागा कुठली?" चाचाचं हसू थांबलं. म्हनला, "अम्मी के बाजू में. वहाँ बेरी का झाड है." चाचाच्या पोरांना हे ठाऊकच नव्हतं.

मी मातर दर खेपंला म्हनायची, आधी चा पिऊ दे. नागू चा पेऊन जायचा.

असं चार-पाच म्हयनं चाललं. मंग शंकराप्पा गेला.

शंकराप्पा महादेवीच्याच जातीचा, तेलाचं दुकान व्हतं, आन खाली नदीकडं शेत. दोन पोरं. थोरला पुन्याला, तो मोटार घिऊन आला. धाकला हितंच. अंगनात मानसं मावंनात. थोरला म्हनतोय, "आता कोन पुरत बसतंय? जाळून मोकळं व्हऊ. मला उद्या कामावर जायचंय." धाकला म्हनतोय, "बाप शेतात बसनार. त्येच्या बापाशेजारी." थोरल्याचं सासरं मधी बोललं. धाकल्याचा मेव्हना मधी पडला. एकानं दुसऱ्याची गचांडी धरली. बाया रडायच्या थांबून बगायला लागल्या. तिकडं लाकडाची गाडी आली, हिकडं खड्डा खांदायला मानसं गेली. मेल्याला ठेवलं दारात, आन जित्त्यांची कुस्ती!

नागू त्या दिवशी ढोकीला गेला व्हता. म्या पोरीला म्हनलं, लाव फोन. तवर बस कुठली? ह्यो गडी उसाच्या ट्रॅक्टरवर चढून आला! कारखान्यात ऊस टाकून परतनाऱ्या रिकाम्या ट्रॉलीत बसलेला, पेटी पोटाशी धरलेली, अंगाला पाचट चिकटलेलं. वेशीपस्नंच वरडत आला, "थांबा! गाडी सोडू नगा!" ट्रॅक्टर थांबायच्या आधी उतरला, ते त्येला सवयच व्हती. गर्दीत घुसला, "सरका, सरका, मधी जागा हाय," आन अंगनातल्या हापशावर चिमटा हानला.

एक टक.

काय सांगू तुमाला! समदं अंगन थांबलं. ज्यानं गचांडी धरली व्हती त्येचा हात तसाच राहिला.

नागूनं पेटी उघडली, तिकीट काढलं, चष्मा लावला आन वाचलं. "शंकराप्पा. बसवून. शेतात, बापाच्या बाजूला, तोंड इहिरीकडं. ईबूत जाड लावा, कंजूषी नगो. धाकल्यानं उपाशी राहू नये, त्येला चक्कर येती. थोरल्याला म्हना, घाई आसंल तर येऊ नगो. आलाच तर माती टाकूस्तवर थांब. मोबाईल बंद कर."

खाली अंगठा. बापाचा अंगठा तेलाच्या घान्यात सापडला व्हता, त्येची खूण ठशात व्हती, ती थोरल्यानं वळखली. मोठा साहेब मानूस, ओट्यावर बसकन मारून लेकरावानी रडला. मंग खिशातनं मोबाईल काढला, बंद केला, आन खोरं हातात घेतलं. संध्याकाळपस्तोर शेतातनं हलला न्हाय.

त्या दिवसापस्नं फिरलंच! सकाळी नागूच्या दारात रांग. काठ्या टेकीत, एकमेकीला धरून, कुनी सुनंपासून लपून. अनुसया म्हातारी सगळ्यांच्या पुढं. "माजं लिव. जाळा. पन सुनंनं आनलेली साडी नेसवू नगा, टोचती. हिरवी माज्या पेटीत हाय." नागू म्हनला, "काकू, आधी माजी चप्पल." तिनं दिली. जपून ठेवली व्हती. कळंब, वाशी, कुठनं कुठनं मानसं येयाला लागली. सरपंचानं बी गुपचूप काढलं तिकीट. काय लिवलंय कुनाला ठाऊक न्हाय, नागू सांगत न्हाय. कुनाचं तिकीट कुनाला दावायचं न्हाय, येळ आल्याबिगर.

इद्यापीठापस्तोर खबर गेली. एक दिस जीप आली, तिच्यातनं दहा पोरंपोरी आन त्यांची बाई. नागूची मास्तरीन. नागूला काय करू आन काय न्हाय झालं. खाकी सदऱ्याला इस्त्री केली. पोरापोरींना ओट्यावर बसवलं, "पुढं सरका, पुढं सरका." म्या भाकरी आन ठेचा केला. पोरी तिखटानं रडत रडत खात व्हत्या आन अजून मागत व्हत्या.

बाई माज्यापशी चुलीला येऊन बसली. साधी. म्हनली, "आजी, तुमच्या मते धर्म म्हणजे काय?"

म्या म्हनलं, "बाई, मला काय ठाऊक. माजं मालक गेलं आन मी तिसऱ्या दिवशी फडात गेले, तवा बाकीच्या बाया माज्या वाट्याच्या पातीतल्या मोळ्या बांधून मोकळ्या व्हायच्या. मला कळू न देता. त्येला काय म्हनत्यात ते तुमी सांगा."

बाईनं ते लिवून घेतलं. लिवन्यासारखं काय व्हतं कुनास ठाऊक.

मंग ती म्हनली, "आजी, एक सांगू? काका दोन वर्षं मला एकच प्रश्न विचारायचे. एकदा तास संपता संपता मी जरा वैतागूनच म्हणाले, काका, याचं उत्तर पुस्तकात नाही, त्यांनाच विचारायला हवं होतं. ते उठून बाहेर गेले. संध्याकाळपर्यंत बागेतल्या बाकावर बसलेले दिसले. मला नंतर कळलं तो प्रश्न कुणाचा होता. मला फार वाईट वाटलं हो."

भाकरी तव्यावर करपली. आजवर माजी करपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिश्री लावलीच न्हाय. चा करून दोन कप ओट्यावर ठेवलं आन नागूला हाक मारली. आला. म्या म्हनलं, "लिव माजं."

त्येनं कानावरची पेन्सिल काढली.

"जाळा," म्या म्हनलं. "पन राख हितल्या वढ्यात टाकायची न्हाय. मालकाला जिथं जाळलं तिथं, भीमेत. त्या जाग्याला मोठी चिंच हाय. लांबचं तिकीट हाय, नागू."

"मी सोता येतो सोडायला, मावशी."

त्येनं लिवलं, वाचून दावलं. म्या अंगठा दिला न्हाय, सही केली. रातच्या शाळेत बाया शिकत व्हत्या तवा तेवढी अक्षरं शिकले व्हते, कामाला आली. मंग म्या त्येच्या हातातनं पेन्सिल घेतली.

"आता तुजं सांग."

"माजं काय?"

"तुला जाळायचं का पुरायचं? समद्या मुलखाला इचारत हिंडतोस. तुला कुनी इचारलं का?"

नागू चिमटा उघडत झाकत बसला. मंग पेटीच्या तळाशी हात घातला आन एक पांढऱ्या रुमालाची गाठ काढली. आत महादेवीचं लिंग.

"मावशी," म्हनला, "तिनं सांगितलं व्हतं. लग्नाला पंचवीस वर्सं झाली त्या दिवशी. जेवताना, हसत हसत. म्हनली, तुमच्या गाडीत म्या लई परवास हुब्यानं केला, शेवटच्या परवासाला तेवढी मला बसायला जागा द्या. मी बी हसलो. म्हनलं, रुमाल टाकून ठेवतो. चेष्टाच वाटली मला. तिच्याकडं बसवत्यात हे मला ठाऊक व्हतं, तरी मला ते कळलं न्हाय. ती आडवी ठेवली, लाकडं लावली, आन मंग आठवलं. इस्तू लागल्यावर."

चा गार व्हत व्हता.

"बाई म्हनल्या, त्यांनाच इचाराय पायजे व्हतं. पन मावशी, मला तर न इचारताच सांगून गेली व्हती."

म्या पुठ्ठ्याचा तुकडा मांडीवर घेतला. "सांग. लिवते."

"तुमाला जमंल?"

"हळू सांग."

त्येनं हळू सांगितलं. "मला बसवून. आमच्या शेतात, बांधावर. माज्या बाजूला मानूसभर जागा सोडायची. तिथं ह्यो रुमाल टाकायचा. रुमालावर हे लिंग."

म्या लिवलं. अक्षरं वाकडी आली, लिंगाची येलांटी कुठं द्यायची ते त्येलाच इचारलं. येका तिकिटात मावंना, मंग मागच्या बाजूला लिवलं. त्येनं सही केली. भोक मी पाडलं. चिमटा लई कडक असतोय बगा, दोन्ही हातांनी दाबावा लागला.

मंग त्येच्या ध्यानात आलं. "मावशी, पन माजं भाऊ आयकनार न्हाईत. लाकडं रचून मोकळं व्हतील. तवा हे त्यांना दावनार कोन?"

"मी दाविते की. खराटा घिऊन."

"आन तुमी माज्या आधी गेला तर? तुमी केवढ्या, मी केवढा."

त्येचं बी खरं व्हतं. म्या इचार केला. त्येचं तिकीट चोळीत ठेवलं. गार झालेला कप उचलला.

"मंग माजी गाडी थांबव," म्या म्हनलं. "मला अजून चा प्यायचा हाय."

नागूचं डोळं भरलं व्हतं, पन तोंड हसत व्हतं. मंग त्येनं हात लांब केला आन ओट्याच्या लोखंडी खांबावर चिमटा हानला.

एकदाच.